पोरींसाठी बॅटरीचा स्टेथो

गाव सोडलं त्या दिवशी पहिला मूर्खपणा मी एसटीतच केला. स्टेथोस्कोप गळ्यात घालून बसले. पिशवीत जागा नव्हती, असं पुढे कित्येक वर्षं सांगत आले. पण खरं कारण एवढंच, की ही पोर पिंपरीला नर्स म्हणून रुजू व्हायला निघाली आहे हे अख्ख्या गाडीला कळायला हवं होतं. खाली उभ्या आईनं खिडकीतून दशम्यांचं गाठोडं वर दिलं आणि म्हणाली, "लई हुशारी दावू नको गं माय. कमी बोल."

तुळजापूर मागे पडायच्या आत मी तो सल्ला मोडला. शेजारचे म्हातारबा म्हणाले, "डाक्टरीणबाई, जरा छाती बघता का?" डाक्टरीण म्हटल्यावर मी काय नको म्हणते! नळी लावली. आत असा दणदणाट, की मी गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "आजोबा, काळीज बैलासारखं आहे तुमचं!" तेवढ्यात स्टँड आला, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि आजोबांचं काळीजही बंद पडलं. मी किंचाळले. आजोबा केळं सोलता सोलता माझ्याकडे बघत राहिले. कंडक्टर म्हणाला, "बाई, गाडीची तब्येत बरी आहे ना?"

तुम्ही जे गावाकडेच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे या कंपन्यांच्या पट्ट्यात येऊन रुजलात, त्या दोघांनीही यावर मनसोक्त हसून घ्या. कारण पुढचं सांगताना मला तेवढं हसू येत नाही.

भोसरीत खोली मिळाली ती एका वर्कशॉपच्या डोक्यावर. गावी आईला अंगणात कोण आलं ते वहाणांच्या आवाजावरून कळायचं. इथे खालचे लेथ थांबले की मला चुकल्यासारखं व्हायचं. लग्न झालं, मुलगा झाला, आणि मी चाकणच्या एका कंपनीच्या दवाखान्यात लागले. भिंतीपलीकडे पत्रे दाबून आकार देणारं प्रेस शॉप. प्रेस खाली आला की टेबलावरचा चहा थरथरायचा. सुट्टीत गावी गेले की आई विचारायची, "एवढी वरडून का बोलतीस गं?" मी ऐटीत सांगायची, "कंपनीत असंच बोलतात." काय ती ऐट! जणू बहिरं होणं हे प्रमोशनच होतं.

आता राहते रहाटणीला, मुलगा आणि सून वैशालीकडे. वैशाली घरोघरी नर्स पाठवायचं काम करते, आणि एक माझ्या जुन्या चाकणच्या दवाखान्यातही. तिच्याकडच्या पोरी बीड, लातूर, नांदेडच्या. भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीनं राहतात आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची सेवा करतात. मी रिटायर झाले तरी माझी फेरी चालूच. एखादी पोर बरोबर घ्यायची, प्रत्येक पेशंटकडे जायचं, छाती ऐकायची. मी "स्वच्छ" म्हटलं की पोरी तसं लिहितात आणि घरचे निर्धास्त होतात.

मध्यंतरी एक विक्रेते गृहस्थ बॅटरीवरचा स्टेथोस्कोप घेऊन आले. आवाज कितीतरी पट मोठा करतो, बाहेरचा गोंगाट कापतो, मोबाइलवर ठोक्यांची नागमोडी रेघ दाखवतो. वापरून बघा म्हणून एक ठेवून गेले. वैशालीनं तो माझ्यापुढे केला.

"आई, प्रत्येक पोरीला असा एकेक घ्यायचा तर पैसे आहेत ते त्यांच्या स्कूटरसाठी ठेवलेलेच. संध्याकाळी शेअर रिक्षात लटकत येतात, माझा जीव टांगणीला लागतो. पण छातीतलं काही ऐकायचं राहून जात असेल, तर आधी हे घेऊ. तुम्ही सांगाल तसं करते."

म्हणजे माझ्या एका शब्दावर एक तरी चूक होणार. पोरी रिक्षात लटकणार, नाहीतर कुणाची छाती ऐकायची राहणार. हो म्हणू की नाही?

पहिल्यांदा तो वैशालीच्याच छातीला लावून बघितला. काय सांगू! ठोका, त्यामागचा ठोका, श्वास आत जातानाची सळसळ, सगळं लख्ख. "यंत्र भारी आहे गं!" मी ओरडले. भारी यंत्राचं कौतुक करताना एक प्रश्न मनाच्या कडेला येऊन उभा राहिला. त्याला मी आत घेतलं नाही. हे सगळं मला मग रोज का ऐकू येत नाही?

तो प्रश्न आत शिरला संत तुकाराम नगरमध्ये, रशीदचाचांच्या घरी. चाचांचं पूर्वी भोसरीत गॅरेज होतं. बायको गेली, मुलगे आखातात. माणूस गोड, पण लोणच्याची बरणी उशाशी घेऊन झोपणारा. मीठ बंद सांगितलंय म्हणून मी दर बुधवारच्या फेरीला त्यांना फैलावर घेते आणि तेही शाळकरी पोरासारखे मान खाली घालतात. त्या दिवशी माझ्याबरोबर कोमल होती, उदगीरकडची, नवीनच लागलेली.

आधी माझ्या जुन्या नळीनं पाठ ऐकली. स्वच्छ. मग बॅटरीचा लावला, आणि खाली दोन्ही बाजूंना बारीक चुरचुर. कानाशी केसांची बट चोळल्यासारखी. ट्रेनिंगला शिकवलं होतं, असा आवाज म्हणजे फुप्फुसात पाणी.

तरी मन पळवाट शोधत होतंच. हे यंत्र सदरा घासल्याचा आवाजही मोठा करतं, म्हणून सदरा पुरता वर केला. पाठीवरच्या केसांची कुरकुर असेल, म्हणून केस ओल्या बोळ्यानं चपटे केले. चुरचुर तशीच. पायमोजे काढायला लावले, घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि भरेचना, म्हणजे पायातही पाणी.

"कोमल, तू ऐक. साध्या नळीनं." मनात एकच धावा होता, हिलाही ऐकू येऊ नये. हिलाही आलं नाही, तर दोष नळीचा.

तिनं कान लावला. "आज्जी, ऐकू यायलंय की. चुरचुर करायलंय, दोन्हीकडं." मग जरा घुटमळून म्हणाली, "मागच्या फेरीलाबी वाटलं होतं मला जरासं. पण तुमी स्वच्छ म्हणलाव. तुमच्यापुढं मी काय बोलावं?"

चाचांना त्याच दुपारी दवाखान्यात हलवलं. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. वेळेत! आणखी कुणाकुणाला मी स्वच्छ म्हणून आले होते? वैशालीनं दुसऱ्याच दिवशी पोरींना पाठवून प्रत्येक पेशंटची छाती पुन्हा ऐकून घेतली. पोरींचे फोन येईपर्यंत मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते आणि परत वाळत घालत होते. बाकी सगळे ठीक निघाले. तेव्हा कुठे मी बसले.

मग निकाल दिला. "पोरींना हा नको. त्यांचे कान तरणे आहेत, साधी नळी पुरे. स्कूटरच घे. चाकणच्या दवाखान्यात कुणाला पाठवशील, तिच्यासाठी तेवढा एक ठेव, तिथे गोंगाट आहे. आणि यापुढे माझ्या 'स्वच्छ'वर कुणी काही लिहायचं नाही. पोरींना सांग, आज्जी चुकली तर तोंडावर सांगायचं."

वैशाली म्हणाली, "एक तुमच्यासाठी घेऊ ना, आई." मी नको म्हटलं. यंत्र आवाज मोठा करेल. पण माझा माझ्यावरचा भरवसा कुठून मोठा करणार?

गावाकडून भावाचे फोन असतातच. "ताई, लई झाली नोकरी. ये की घरी." दर वेळी मी हसून उडवून लावायची. या वेळी उडवता येईना. या शहरानं मला ठेवून घेतलं ते कानांसाठी. कान गेल्यावर इथे माझं काय? आणि गावी तरी काय? आई नाही, अंगणात कोण आलं ते ओळखणारं कुणी नाही. बॅग पलंगाखालून काढली, पुसली आणि तशीच उघडी ठेवली.

चाचा घरी आल्यावर मात्र भेटायला गेले, नळी न घेता. जे झालं ते सगळं सांगितलं. माझ्या कानांवर विसंबू नका, यापुढे कोमल येत जाईल, म्हटलं. उशाशी बरणी दिसत नव्हती, ती गादीखाली ढकललेली असणार, हे मला न ऐकताही कळत होतं. मग मला ऐकू जावं म्हणून चाचांनी आवाज चढवला.

"कान गेले तर जाऊ द्या, सिस्टर. छाती ती पोरगी ऐकेल. तुम्ही बुधवारी या. या घरात मला रागावणारं आता दुसरं कोण राहिलंय?"