उजेड सातपर्यंत असतो

सिंगापूरमध्ये सूर्य वर्षभर सातच्या सुमारास मावळतो. जून असो वा डिसेंबर, ऑफिसातून वेळेवर सुटलेला माणूस उजेडातच एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, शिरतो. दहा-पंधरा वर्षं अशी काढली की संध्याकाळ ही सरकारने नेमून दिलेली सोय वाटू लागते. काही वर्षांपूर्वी, एका जानेवारीत, आमच्या मराठी ग्रुपने जपानच्या उत्तरेकडच्या डोंगरांत जाऊन स्कीवरून जंगलातला दिवसभराचा फेरा मारायचं ठरवलं, तेव्हा बेत आखणाऱ्या सगळ्या अभियंत्यांनी हाच सूर्य सोबत नेला.

बेत ज्यांचा, त्यांना मी इथे नेते म्हणेन. तेही स्वतःला तसंच समजत. हार्बरफ्रंटच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. कॉलेजात असताना सह्याद्रीतले काही गड चढले होते आणि त्या भांडवलावर तीस वर्षं आरामात काढली होती. पाया लेबारच्या मॉलमधल्या कॉफीच्या दुकानात आमच्या बैठका व्हायच्या. बर्फाविषयी तिथे फारच थोडं बोललं गेलं. चर्चा झाली ती फेट्यांची. बर्फात फेटे बांधून फोटो काढायचे, म्हणून फेट्यांचा रंग ठरवण्यात एक अख्खी दुपार गेली. मी मान डोलावत होतो आणि मनातून त्यांना हसत होतो. तुच्छता ही मनाला फार आराम देणारी भावना आहे, हे मी पुढे अनेकदा तपासून पाहिलं आहे. तिच्यात आपल्याला काहीच करावं लागत नाही.

माझी बायको मात्र या फेऱ्याकडे गंभीरपणे पाहत होती. पुण्यात ती प्रयोगशाळेत काम करायची. माझ्या नोकरीपायी ते सोडून ती डिपेंडंट पासवर इथे आली आणि त्यानंतर जिथे गेली तिथे कोणाच्या तरी मागून गेली. ‘हा फेरा मला पुरा करायचाय,’ एवढंच ती म्हणाली. त्यासाठी वुडलँड्सच्या आमच्या ब्लॉकचे जिने ती रोज चढायची, आणि ऑफिसची माणसं घरी परतत असताना दोन हातांत दोन काठ्या घेऊन पार्क कनेक्टरच्या पायवाटेवर घामाघूम होत चालायची. शेजारच्या चिनी आंटी तिला हटकायच्या, ‘व्हेअर गॉट स्नो, लाह?’ बायको हसून पुढे जायची.

जपानमधल्या लॉजवर पोचलो तेव्हा जेमतेम पाच वाजत होते आणि बाहेर मिट्ट काळोख होता.

‘ढग आलेत,’ खिडकीशी उभे राहून नेते म्हणाले.

‘चांदण्या दिसतायत,’ बायको म्हणाली.

‘वहिनी, उद्या बघा कसं लख्ख ऊन पडतं! सातपर्यंत उजेड, निवांत जाऊ. तुम्ही घाबरू नका हो.’

सगळे हसले. प्रत्येकाच्या खिशात फोन होता, प्रत्येकाच्या भिंतीवर पदवी होती, आणि एकालाही सूर्य कधी मावळतो हे पाहावंसं वाटलं नाही.

सकाळी आम्ही दोघं लवकर निघालो. आमचा वेग कमी, म्हणून तशी परवानगी मिळाली होती. सगळ्यांच्या जेवणाची पिशवी माझ्या पाठीवर होती. अशी ओझी कोणाकडे द्यावीत हे ग्रुपला न बोलता कळतं. मागे फेटे बांधणं चालू होतं. बर्फात आखलेल्या दोन चरांतून आम्ही पाय सरकवत राहिलो. भूर्जवृक्ष पांढरे, जमीन पांढरी, आणि तिच्या श्वासाची वाफही पांढरी. ती पडायची, उठायची, पुन्हा चरात पाय ठेवायची.

निम्म्या वाटेवर एक लाकडी खोपट होतं. तिथल्या बाईंनी चहा दिला, मग सूर्याकडे आणि पुढच्या चढाकडे बोट दाखवून हाताने ‘लवकर’ अशी खूण केली. तेवढ्यात नेत्यांचा फोन आला.

‘तिथेच थांबा. ग्रुप फुटायला नको. आम्ही आत्ता निघतोय, फोटो झाले.’

‘आत्ता?’ मी विचारलं.

‘अहो, दिवस पडलाय अख्खा!’

मी फोन खिशात ठेवला आणि बाकावर बसलो. बायको उभीच होती.

‘ते येईपर्यंत ऊन उतरेल,’ ती म्हणाली. ‘मग सगळ्यांनाच परत फिरावं लागेल.’

‘पण जेवण माझ्याकडे आहे.’

‘तुम्ही थांबा ना जेवण राखत. मी निघते.’

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मी तिची समजूत काढत बसलो असतो. तिने स्कीची कडी बुटाला अडकवली आणि ती चढाला लागली. आमच्या वाटची दोन थालीपिठं काढून घेऊन पिशवी मी त्या बाईंच्या स्वाधीन केली, डोक्यावर फेटा गुंडाळल्याची खूण करून ती कोणाची हे सांगितलं आणि निघालो.

चढ लांब होता, पण हाल उतारावर झाले. गड उतरताना पाय जमिनीवर असतात. इथे ते नव्हते. ती आडवी होऊन एकेक पाऊल उतरत होती, मी बसून घसरत होतो. झाडांखाली निळसर अंधार साचू लागला. मला भीती वाटली, आणि भीतीतही मी पहिल्यांदा तिला ‘परत फिरू या’ म्हणालो नाही. लॉजचे दिवे दिसले तेव्हा ती माझ्या बरीच पुढे होती. वाट दाखवणाऱ्या शेवटच्या खांबापाशी ती माझ्यासाठी थांबली नाही. तो ओलांडून गेली आणि मगच वळली.

दारात नेते उभे होते. खोपटातल्या बाईंनी त्यांना पुढे सोडलंच नव्हतं. थालीपिठं खाऊन सगळे आल्या वाटेने परतले होते.

‘वहिनी, किती घोर लावलात! हा बेजबाबदारपणा आहे.’

‘मग शोधायला का नाही आलात?’

‘एवढ्या अंधारात?’

‘अंधार कसला? अजून पाचच वाजलेत,’ ती म्हणाली आणि बूट सोडायला खाली बसली.

सिंगापूरला परतल्यावर सगळ्यांना सांगितलं गेलं की हवामान बिघडलं आणि ग्रुपने परिपक्व निर्णय घेतला. आम्हा दोघांचा त्यात उल्लेख नव्हता. त्या माणसांना खोपटावर सोडून आल्याबद्दल काही खेद वाटतो का, हे मी अनेक दिवस प्रामाणिकपणे शोधलं, कारण खेद मला सहज होतो. तो सापडला नाही. बायकोला विचारलं, तर तिने आधी ‘कोणाला सोडून?’ असं विचारलं, आणि मी सांगितल्यावर ‘अच्छा, ते होय,’ म्हणून भात वाढला.