दुष्काळात उमटलेली ओली पावलं

नमस्कार मंडळी. इथं येणारे सगळे अनुभव मी चष्मा पुसून पुसून वाचते. बहुतेकांचे रात्री बाराचे, अमावस्येचे, सुनसान रस्त्यावरचे असतात. माझा भर दुपारचा आहे आणि भर वस्तीतला आहे. आणि आधीच सांगते, असलं काही मानणारी मी बाई नव्हे. सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच घरातला भगत, उतारा, अंगात येणं, सगळं बंद झालं. लेक तान्ही असताना मी एकदा मीठ-मोहऱ्या ओवाळायला घेतल्या तर म्हातारा बाहेरून ओरडला, “सूनबाई, ते मीठ वरणात टाका, आळणी झालंय!” अशा घरची मी. तरी हे झालं... ते झालं. कसं झालं ते मला विचारू नका.

आम्ही भोकरकडचे. लातूर नवा जिल्हा झाला आणि आमच्या ह्यांची तिथल्या नव्या कचेरीत बदली झाली, कारकून म्हणून. सगळीकडून साहेब, कारकून, शिपाई, मास्तर लातुरात येऊन पडले, आणि घरं होती तेवढीच. त्यात पावसानं दगा दिलेला. नळाला पाणी कधी यायचं ते नळालाच माहीत.

हे एका सोबत्याच्या खोलीत राहायचे आणि मी विशूला घेऊन गावाकडं. विशू म्हणजे आमची विशाखा, चार-पाच वर्षांची. बाप सुटीला आला की ती माझ्या पदराआड लपायची, “आई, हे कोण आलेत?” म्हणायची. ते ऐकून ह्यांचं तोंड एवढंसं व्हायचं. म्हणून मी हट्टच धरला, काही करून घर बघा.

घर बघायला मीही हिंडले. मालक लोक आधी गोड बोलायचे, चहा घेता का म्हणायचे. मग हळूच, “आडनाव काय म्हणालात?” आडनाव सांगितलं की त्यांना लगेच आठवायचं, खोलीत पुतण्या राहायला येणार आहे. त्या साली लातुरात एवढे पुतणे येणार होते की त्यांचाच एक वेगळा जिल्हा झाला असता.

शेवटी एक घर मिळालं. मालक उदगीरला अडतीच्या धंद्यात, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. पुढची खोली, मधली खोली, मागं स्वयंपाकघर, पडवी, आणि अंगणात आड. शहाबादी फरशी. अण्णांनी किल्ली हातात दिली आणि म्हणाले, “हे बघा ताई, मी तुम्हाला आडनाव विचारत नाही. तुम्ही मला घर रिकामं का, ते विचारू नका.”

हे हसून म्हणाले, “सौदा पक्का.”

राहायला गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली, वंदना केली. आडात खडा टाकून बघितला तर खाली टक्क आवाज. कोरडा ठणठणीत. तोंडावर पत्रा टाकून वर दगड ठेवला, लेकरू घरात आहे म्हणून.

आणि त्याच आठवड्यात दुपारी बघते तर अंगणातून पडवीपर्यंत ओली पावलं! बाईमाणसाची, बारीक, एकामागं एक. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबलेली. तिथं पाण्याचं थारोळं, जसं कुणी निथळत उभं राहिलं असावं. आत एकही पाऊल नाही. अंगणाच्या दाराची कडी आतून लावलेली.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “फरशीला ओल सुटत असेल.”

“वैशाखात? आणि बोटांसकट?”

ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

रोज तेच. मग मी शेजारच्या हमीदाखालाला गाठलं. खाला पान चघळत हसली. “अरे बेटी, वो तो अण्णा की माँ है. पानी भरती, बस. किसकू कुछ करती नै.”

मरून काही वर्षं झाली होती म्हातारीला. सोवळं मोठं कडक. तिकडं उदगीरकडं त्याला मडी म्हणतात. आंघोळ करून ओल्या लुगड्यानंच आडाचं पाणी शेंदायचं आणि कुणालाही न शिवता स्वयंपाकघरात न्यायचं. रस्त्यात पोरं-सोरं आली की दूर व्हायची. “मेरा साया पडा तो भी फिर से नहाती थी! मैं बोली, बुढिया, इतना नहाएगी तो घुल जाएगी,” खाला म्हणाली. मग पान गालात सरकवून, “लेकिन ईद कू मेरे बच्चों के वास्ते गूळ-शेंगा भेजती थी. दूर से रख के जाती थी.”

मला भीती वाटायच्या आधी राग आला. म्हटलं, अच्छा, म्हणून उंबऱ्यात थांबते का? चुलीपाशी आम्ही आहोत म्हणून? दुसऱ्या दिवशी थारोळं दिसलं तशी मी भाकरी थापता थापताच बोलले, “मेलीस तरी तुझं सोवळं सुटंना का गं? राहा मग तिथंच उभी!” पण घर सोडायचं मनात आणलं नाही. दुसरं कुठं होतं?

मग विशू आजारी पडली. टँकरच्या पाण्यानं गल्लीत सगळ्यांचीच पोटं बिघडली होती. हे कामासाठी नांदेडला गेलेले. पोरीला ताप, जुलाब, सारखं “पाणी, पाणी”, आणि घरात पाणी संपलेलं. तेवढ्यात चौकात टँकर आला. खाला आधीच धावलेली, गल्लीत चिटपाखरू नाही. विशू झोपली होती. बाहेरून कडी लावली आणि घागर घेऊन पळाले. तिथं ही गर्दी, भांडणं, घागरीवर घागर आदळायली. “ओ बाई, लाईन हिकडं हाय!” “माझं लेकरू आजारी हाय!” “समद्यांचीच हायत!” घागर भरायला लई वेळ गेला.

घरी आले, कडी काढली. विशू मधल्या खोलीत बाजेवर उठून बसली होती. ओठ ओले, हनुवटीवरून पाणी ओघळलेलं. अंग हाताला गार लागलं. ताप उतरलेला.

“कुणी पाजलं गं पाणी?”

“आजीनं.”

“कोणत्या आजीनं?”

“ओल्या.”

मी खाली बघितलं. पावलं उंबरा ओलांडून, चुलीजवळून, बाजेपर्यंत आली होती. पोरीला जवळ घेतलं तर तिच्या मानेमागचे केस चिंब, झग्याची पाठ चिंब. पुढून झगा कोरडा. म्हणाली, “आजीनं मांडीवर घेतलं होतं.”

घागर माझ्या कमरेवरून कधी सुटली कळलं नाही. एवढं भांडून आणलेलं पाणी, सगळं घरभर झालं.

इथंच संपलं असतं तर मी म्हातारीला हात जोडले असते. पण खरं भ्यायले ते त्यानंतर. विशूनं माझ्या हातचं पाणी प्यायचं सोडलं. पेला पुढं केला की तोंड फिरवायची. “तू नको. ती देईल.” सकाळपासून ओठ सुकवून पडवीकडं डोळे लावून बसायची. मी मागचं दार बंद केलं, पोरीला पुढच्या खोलीत नेलं. मी कामाला वळले की इकडं तिची पाठ भिजलेली असायची! आणि दुपारच्या त्या घोटभर पाण्यावर पोर दिवसेंदिवस वाळत चाललेली. डॉक्टर म्हणाले, मीठ-साखरेचं पाणी पाजा. अहो पाजू कसं?

हे नांदेडहून आले, पोरीकडं बघितलं. ओल वगैरे काही बोलले नाहीत. “सामान बांध.”

“जायचं कुठं?”

तसेच बाहेर पडले घर बघायला. संध्याकाळी आले, कोपऱ्यात चप्पल काढली आणि भिंतीला टेकून बसले. म्हणाले, “एकाचा पुतण्या, दुसऱ्याचा मेहुणा.” मग हळू आवाजात, “तुम्ही गावाकडंच जा. मी राहतो कसा तरी.”

मी म्हटलं, उद्याचा दिवस द्या मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात उंबऱ्याच्या आत बसले, विशूला मांडीत घट्ट धरून. हे मधल्या खोलीत. ऊन असं की अंगणातली माती पांढरी दिसत होती. आणि आवाज आला... ओला पाय फरशीवर पडतो ना, तसा. चप्... चप्... ओल्या सुती लुगड्याचा वास. माणूस कुणी नाही. पण पावलं एकेक करून उमटत आली, ती मी ह्या डोळ्यांनी बघितली. विशूनं हात पुढं केले. उंबऱ्यापलीकडं थेंब पडायला लागले.

मी पोरीचे हात मागं ओढले. आणि बोलले.

“माय, लेकरू वाचवलंस. जन्मभर इसरणार न्हाई. पण लेकरू माझं हाय. तू रोज पाणी देऊन राहिलीस, तुला कुणी पाणी इचारलं का गं कधी? हे घे. आमच्या घागरीतलं हाय, माझ्या हातचं हाय. चालत असंल तर घे. न चालंल तर माझ्या पोरीला पुन्हा शिवू नको.”

पाण्यानं भरलेला पेला उंबऱ्यापलीकडं ठेवला. पोर किंचाळायला लागली. मी डोळे मिटून वंदना म्हणत राहिले, कितीदा म्हटली कोण जाणे. थेंबांचा आवाज थांबला तेव्हा डोळे उघडले.

पेला पालथा होता. लवंडलेला नव्हे हो, नीट पालथा घातलेला.

आमची आई दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायची. त्यांच्या दारात पाणी प्यायली की तो पेला तिनं स्वतःच विसळायचा आणि ओट्याच्या कडेला पालथा घालून यायचं, अशी रीत. लहानपणी मी तिच्या बाजूला उभी राहून ते कितीदा बघितलं असेल. अगदी तसा होता तो पेला.

विशू माझ्या पदरानं नाक पुसत म्हणाली, “आई, पाणी.” मी पाजलं. घटाघटा प्याली.

त्यानंतर पावलं आली नाहीत. आम्ही त्या घरात बरीच वर्षं राहिलो, धाकटा तिथंच झाला. विशूला आता ह्यातलं काही आठवत नाही.

पुढं अण्णा एकदा आले तेव्हा हे नको म्हणत असताना मी सगळं सांगून टाकलं. अण्णांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, “मांडीवर घेतलं? ओलेत्यानं?” मी हो म्हटलं. “आम्हा पोटच्या लेकरांना कधी घेतलं नाही हो तसं,” म्हणाले.

निघताना पडवीत थबकले. विचारलं, “ताई... प्याली का ती? तुमच्या हातचं? का ओतून दिलं?”

काय सांगणार? फरशी तर सगळी तिच्याच पावलांनी ओली झालेली होती.