निवळलेलं पाणी

कारखान्यातून बाहेर जाणाऱ्या पावसाच्या पाण्याचा नमुना बाटलीत भरून तपासणीला पाठवणं, हे माझं काम. नियमाने तो पावसाची सर आल्या आल्याच भरायचा. आज सर आली आणि आवारातलं तेल, गंज धुऊन घेत पाणी रंगीत तवंगासकट नाल्याकडे निघालं. मी बाटली घेऊन वाकलो, तसे सफाई कामगार गणपतमामा नेहमीसारखंच, वरून पढवलेलं, म्हणाले, "जरा थांबा साहेब, निवळू द्या."

मी थांबलो. इतकी वर्षं थांबतोच आहे. चारचौघांत आपणही निवळल्यावरच जातो. आधीचं कुठेतरी वाहून गेलेलं असतं.

अर्ध्या तासाने भरलेली बाटली काचेसारखी स्वच्छ दिसत होती.

"मामा, प्याल का हे?" मी कंटाळून विचारलं.

मामांनी छत्री मिटली. "नाल्याच्या काठालाच आमची विहीर आहे साहेब. आम्हाला आधीचंच येतं."