बारुलीची दुसरी लहर

मदक्तू शहरात कुणाच्या घरी मूल जन्मलं किंवा नवरी उंबऱ्याशी आली, की पहिला निरोप जायचा बारुलीकडे. ती यायची, उजव्या हाताची दोन बोटं गळ्याच्या खळगीवर दाबायची आणि असा थरथरता सूर काढायची, की नदीच्या पल्याड कपडे धुणाऱ्या बायकांचे हात थांबायचे. या सुराला आमच्याकडे लहर म्हणतात. लहर पुष्कळजणी काढतात, पण बहुतेकींची मध्येच खोकल्यासारखी तुटते. बारुलीची तुटायची नाही.

तिचा बाप उलाय नदीवरच्या होड्यांना डांबर लावायचा. आई लवकर गेली. मावशीने वाढवलं आणि मावशीनेच शिकवलं. "गळ्यातून ओढू नकोस गं, पोटातून सोड," म्हणत ती पोरीच्या पोटात बोट खुपसायची. पुढे पिनिगिर देवीच्या देवळात गाणाऱ्या बायकांमध्ये बारुलीला जागा मिळाली. आपल्याला काय येतं हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि कौतुक झालेलं तिला आवडायचंही. नवऱ्याचं नाव हुत्रान, राजाच्या फौजेत तिरंदाज होता. तो चिडवायचा, "लोक लग्नाला नवरी बघायला येतात की तुला ऐकायला, ते एकदा विचारून घे." यावर ती लाजायचीसुद्धा नाही. म्हणायची, "विचारायचं काय त्यात?"

शेजारी मेकुबी राहायची. तिला अख्खी गल्ली अम्मा म्हणे. विधवा, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. दोघींच्या अंगणात एकच भट्टी होती, आणि जवाच्या भाकरी थापता थापता दोघी साऱ्या गल्लीचा समाचार घ्यायच्या. बारुलीला मूल नव्हतं. मेकुबीचे दोन मुलगे तिच्याच अंगाखांद्यावर खेळून वाढले. थोरला गप्प, धाकटा बडबड्या. दोघांनी हुत्रानकडून धनुष्य धरायला शिकून घेतलं.

मग अश्शूरची फौज आली. आम्ही आमच्या देशाला हल्तम्ती म्हणतो. ते आम्हाला एलामी म्हणत, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द शिवीसारखा यायचा. आमचे सगळे तिरंदाज थोडं वर, उलायच्या काठी गेले. हुत्रान गेला, मेकुबीचे दोघं गेले. जाताना धाकटा भट्टीवरची गरम भाकरी उचलून पळाला, आणि मेकुबी लाटणं घेऊन त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत धावली.

लढाई सकाळी सुरू झाली आणि दुपार कलायच्या आत संपली. राजा पडला. उलायच्या पाण्यातून माणसं वाहत यायला लागली. काही तोंड वर करून, काही पालथी. दोन दिवस नदीचं पाणी कुणी भरलं नाही.

तिसऱ्या दिवशी देवळातल्या वाजंत्र्यांचा मुकादम कुकनशूर बारुलीच्या दारात उभा राहिला. तोंड पांढरंफटक.

"नवा राजा येतोय," तो म्हणाला. "आपल्याच राजघराण्यातला, तो नाही का पळून अश्शूरकडे गेला होता? त्यालाच आणून बसवतायत. बरोबर त्यांचे शिपाई आहेत. वेशीबाहेर स्वागताला जायचंय. वाद्यं, बायका, पोरं, सगळ्यांनी."

"मी नाही येत."

"गाव जाळतील, बारुली."

"माझा नवरा जिवंत आहे की नाही हे मला ठाऊक नाही, बाबा. सूर कुठून आणू? निघणार नाही."

"निघेल," कुकनशूर म्हणाला. "भीतीनं चांगला निघतो."

तिला त्याचा राग आला. पण बाहेर गल्लीतल्या सगळ्या बायका निघाल्या होत्या. मेकुबीसुद्धा निघाली होती. तिच्या मुलांचाही पत्ता नव्हता. तिने डोक्यावरून वस्त्र ओढून घेतलं होतं आणि ती कुणाकडेच बघत नव्हती.

वेशीबाहेर खजुरीच्या झाडांपाशी सगळे उभे राहिले. पुढे तारवाद्यं, त्यांच्यामागे जोडपावे आणि ढोल, मग टाळ्या वाजवणाऱ्या बायका. डाव्या हाताला नदी होती. तिकडे कुणी मान वळवत नव्हतं, पण वास सगळ्यांना येत होता. समोरून नवा राजा आला. अश्शूरच्या एका अधिकाऱ्याने त्याचं मनगट धरलं होतं, हट्टी पोराला शाळेत नेतात तसं.

कुकनशूरने खूण केली. बारुलीने बोटं गळ्यावर ठेवली.

सूर निघाला. तो तुटेल, कर्कश येईल, असं तिला वाटलं होतं. उलट तिच्या उभ्या आयुष्यात निघाला नव्हता इतका स्वच्छ निघाला. तो झाडांवरून गेला, पाण्यावरून गेला आणि पलीकडच्या बोरूच्या बेटावर आपटून परत आला. वाद्यं थांबली. नव्या राजाने मान वर केली. मनगट धरलेला तो अधिकारीही थांबला, त्याने भुवया उंचावल्या आणि मोडकीतोडकी आमची भाषा बोलत तो म्हणाला, "छान. फार छान."

स्वागताच्या वेळी लहर एकदाच काढायची असते. बारुलीने दुसरी काढली.

कुणी सांगितलं नव्हतं. कुकनशूरची खूण नव्हती. त्या क्षणी तिला नवरा आठवला नाही, नदी आठवली नाही. सगळे आपल्याकडे बघतायत, एवढंच तिला कळत होतं, आणि ते तिला बरं वाटलं. दुसरी पहिलीपेक्षाही लांब गेली. श्वास संपला तेव्हा तिची नजर बाजूला गेली. मेकुबी टाळ्या थांबवून तिच्याकडे बघत होती.

घरी आल्यावर बारुलीने चूळ भरली, पुन्हा भरली. अंगणात मेकुबी भट्टीत काटक्या घालत होती. बारुली पीठ घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसली.

"पहिलीचं मी काही म्हणत नाही," मेकुबी म्हणाली. "मीपण टाळ्या वाजवल्याच की. पण दुसरी कुणासाठी काढलीस गं?"

बारुली पीठ उचलून आत गेली. त्या दिवसापासून मेकुबी भट्टीपाशी असली, की बारुली आपली भाकर घरातच राखेवर भाजायची. गल्लीतून जाताना चार बायका बोलता बोलता थांबल्या, तर आपलंच चाललं असणार असं तिला वाटे. खरं तर कुणी काही म्हणत नव्हतं. उलट कुकनशूर देवळात सगळ्यांदेखत म्हणाला, "हिच्यामुळे गाव वाचलं." तेव्हा तर तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पंधरवडा उलटला असेल. भरदुपारी एक कोळी मासे विकत गल्लीत आला आणि तिच्या दारातून सरळ आत शिरला. तो हुत्रान होता. अंगावर दुसऱ्याचे कपडे, दाढी कापलेली, डावा पाय सुजून खांबाएवढा झालेला. बारुलीने त्याला धरलं, बसवलं, पाणी दिलं. पाय धुताना ती रडली. तो रडला नाही.

"धनुष्य?" तिने विचारलं.

"मीच तोडलं. सुरीनं दोरी कापली आणि दोन तुकडे करून पाण्यात टाकलं. पकडलं तर तिरंदाज म्हणून ओळखू नयेत." तो खाली बघून बोलत होता. "बाकीचे उभे होते अजून. मी बोरूत शिरलो."

"जिवंत आलास ना."

"तुझं ऐकलं मी तिथं," तो म्हणाला.

तिचे हात पाण्यात तसेच राहिले.

"दोन्ही ऐकल्या. पहिली ऐकली तेव्हा वाटलं, ही आहे, म्हणजे घर आहे. खरंच सांगतो, त्यावरच मी पुढचे दिवस काढले."

"आणि दुसरी?"

त्याने पाय पाण्यातून बाहेर काढला. तिने पुन्हा विचारलं.

"मेकुबीअम्माचा धाकटा माझ्याजवळ होता. पोटात भाला लागलेला. थोरला आधीच पाण्यात गेला. याला मी ओढत बोरूत आणला होता. दुसरी ऐकली आणि त्यानं डोळे उघडले. म्हणाला, हुत्रानदादा, गावात लग्न आहे का?"

"तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मग थोड्या वेळानं गेला." हुत्रानने तिचा हात पकडला. "अम्माला यातलं काही सांगायचं नाही. दोघं लढताना पडले, एवढंच मी सांगेन."

बारुली उठली. हात पुसले. हुत्रान मागून "अगं, ऐक" म्हणत राहिला, पण ती अंगण ओलांडून मेकुबीच्या दाराशी गेली. मेकुबी कणीक मळत होती. बारुली उंबऱ्यातच बसली आणि तिने सगळं सांगितलं. थोरल्याचं, धाकट्याचं, भाल्याचं, आणि त्याने काय विचारलं तेही. सांगताना तिने मान वर केली नाही. मेकुबी आपल्याला मारेल असं तिला वाटत होतं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मेकुबीचे हात परातीतच होते. म्हणाली, "लग्न आहे का, असं म्हणाला?"

"हो."

"हसला का?"

हे बारुलीला माहीत नव्हतं. ती उठून परत घरी आली आणि तिने हुत्रानला तेच विचारलं.

"म्हणावं हसला," हुत्रान म्हणाला. "ओठ हलले होते. काय बिघडतं?"

"हसला होता का?"

"मला नाही माहीत गं. रक्त होतं तोंडावर."

ती पुन्हा अंगण ओलांडून गेली. "त्याला माहीत नाही, अम्मा. ओठ हलले होते म्हणतो."

मेकुबीने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "ती जागा दाखवेल का तो?"

हुत्रान सुजलेल्या पायानेच गेला. बारुलीच्या बापाच्या ओळखीच्या एका नावाड्याची होडी घेतली. थोरला सापडला नाही. धाकट्याला बोरूच्या चटईत गुंडाळून आणलं. आमच्याकडे आपलं गेलेलं माणूस घरातल्या जमिनीखालीच ठेवतात. मेकुबीच्या खोलीतली फरशी बारुलीने उचकटली, खड्डा तिने खणला. नखं तुटली तरी दुसऱ्या कुणाच्या हाती कुदळ दिली नाही. मेकुबीने तिला थांबवलं नाही आणि बसही म्हटलं नाही. वर माती लोटून झाल्यावर तेवढं म्हणाली, "जा आता घरी."

पुढे दोघींचं बोलणं झालं ते कामापुरतं. मीठ आहे का, पाणी आलं का. बारुली परत भट्टीवर यायला लागली, पण गल्लीचा समाचार बंद झाला तो झालाच. लग्नांचे निरोप येत, ती घसा धरून नको म्हणायची. देवळातली जागाही तिने सोडली.

काही वर्षांनी अश्शूरवाले परत आले. या वेळी कुणी स्वागताला गेलं नाही, कारण या वेळी त्यांना स्वागत नको होतं. मदक्तू जाळायलाच ते निघाले होते. लोक डोंगराकडे पळाले. हुत्रानने गाढवावर सामान बांधलं आणि बारुली मेकुबीला न्यायला गेली.

मेकुबी त्या खोलीतल्या फरशीवर बसली होती.

"चल अम्मा. उचलून नेऊ का?"

"याला इथं टाकून कुठं येऊ मी?" मेकुबी म्हणाली. "तू जा. आणि हे बघ, तिकडे कुणा पोरीला शिकवलंस तर शिकव. पण माझ्या पोराचं सांगू नकोस. लग्नाच्या सुरात ते कशाला?"

बारुलीने तिचा हात ओढला. मेकुबीने झटकला. बाहेरून हुत्रानच्या हाका येत होत्या, धूर दिसायला लागला होता. बारुली गेली. पहिल्या चढावर तिने मागे बघितलं, तेव्हा गल्ली कुठली आणि घर कुठलं हे कळायच्या पलीकडे गेलं होतं. आपण अजून थोडं ओढायला हवं होतं, हे ती नंतर हुत्रानला झोपेतून उठवून सांगायची.

डोंगरातल्या लोकांची भाषा आमचीच, पण शब्द जाडेभरडे. तिचं शहरी बोलणं ऐकून पोरी तोंडावर हात ठेवून हसायच्या. त्याच पोरी पुढे तिच्याकडे शिकायला आल्या. ती त्यांच्या गळ्यावर बोटं ठेवून जागा दाखवायची, पोटात बोट खुपसायची, कुठे चुकतं ते सांगायची. स्वतः मात्र एकदाही सूर काढला नाही. "तुम्ही काढून दाखवा ना, आजी," म्हटलं की "घसा गेला माझा" म्हणायची. मेकुबीचं सांगणं तिने पाळलं, तिच्या पोराचं कुणाला सांगितलं नाही. लोक तिला घसा गेलेली म्हातारीच म्हणत. पोरींच्या लहरी डोंगरभर गेल्या, घाटापलीकडे नव्याने आलेल्या पारसिक टोळ्यांच्या बायकांनीही त्या उचलल्या, आपल्या गाण्यांत घातल्या.

ती गेल्यावर हे सगळं हुत्रानने सांगितलं. भरल्या घरात, शिकलेल्या सगळ्या पोरी समोर बसलेल्या असताना. त्याला वाटलं असेल, आता तरी कुणाला कळावं. त्यांतली थोरली, जिला पुढल्याच महिन्यात एका लग्नात लहर काढायची होती, एकदम चिडून उठली.

"आम्हाला कशाला सांगितलंत हे, बाबा? आता मी कशी काढू?"

हुत्रान काठी टेकत उठला आणि बाहेर शेळ्या कोंडायला गेला.