आत किती, बाहेर किती

माझी आत्या पस्तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिनं स्वतःच्या गाडीलाच पेशंट करून टाकलं. गाडी जुनी, रंग उडालेली, पण तिच्या पोटात कधी काय गेलं आणि कधी काय निघालं याची अकरा वर्षांची वही आहे. वॉर्डात पेशंट किती पाणी प्यायला आणि त्याला लघवी किती झाली हे लिहितात, अगदी तसंच. ऑइल घातलं चार लिटर, निघालं तीन लिटर आठशे. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी, त्याचीही तीच नोंद. मी या वहीची यथेच्छ टिंगल केलेली आहे. "आत्या, आज ताप किती गाडीला?" असं विचारायचो. ती वहीत पुढचा आकडा लिहायची.

तिला काम करताना बघायचं म्हणजे माझ्यासारख्या उतावळ्याला शिक्षाच. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. चाकांना ठोकळे लावायचे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, लोखंडी स्टँड हवेतच. जुन्या ऑइलचा डबा वेगळा, कूलंटचा वेगळा, दोन्हींवर ठसठशीत अक्षरांत नावं, कारण एकात एक मिसळलं की संकलन केंद्रावर कोणी घेत नाही. एकदा मी म्हणालो, "एवढ्या लांब कशाला न्यायचं? गटार चार पावलांवर आहे." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं डबा उचलला.

त्या रविवारी कूलंट बदलायचं होतं. आत्याचा गुडघा धरला होता, म्हणून गाडीखाली मी गेलो आणि ती घरातून कोरडी फडकी आणायला गेली. मी घाई केली. घमेलं नीट सरकवायच्या आधीच बूच सैल केलं आणि धार भलतीकडेच निघाली. हाताशी प्लास्टिकचा मग होता, तो खाली धरला. तो भरेपर्यंत घमेलं ओढून घेतलं, भरलेला मग भिंतीशी ठेवला आणि साफ विसरलो.

सगळं निथळल्यावर आत्यानं ते मापाच्या भांड्यानं मोजलं. मग थांबली. पुन्हा मोजलं.

"साडेचार लिटर. घातलं होतं पाच लिटर दोनशे."

"थोडं आत राहतंच की," मी म्हणालो.

"चारशे राहतं. दर वेळी चारशेच. आज सातशे कसं राहिलं?"

"उडालं असेल, आत्या. तीनशे मिलीसाठी काय जीव काढतेस!"

"फरशी कोरडी आहे," ती म्हणाली, आणि तो दुखरा गुडघा टेकून गाडीखाली वाकून बघू लागली. तेव्हा मला तो मग आठवला.

मग भिंतीशीच होता. पण लख्ख रिकामा, चाटूनपुसून. शेजारी फौजदार शेपटी हलवत उभा होता. फौजदार म्हणजे पलीकडच्या शिंपीकाकांचा तपकिरी कुत्रा. काकू गेल्यापासून काका दिवसभरात जे काही बोलत, ते त्याच्याशीच.

"ते गोड लागतं कुत्र्यांना," आत्या हळूच म्हणाली. "आणि किडनी खातं." मला वाटलं आता माझा उद्धार होणार. तिनं फक्त घड्याळ पाहिलं. "बूच किती वाजता उघडलंस?"

"सव्वादहाला."

"आता अकराला पाच कमी. चल."

शिंपीकाका हातातली कात्री घेऊनच दारात आले. मी म्हणालो, "काका, चूक माझी आहे. विषारी पाणी मी उघडं ठेवलं, ते फौजदार प्यायला." त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं. तो मजेत उड्या मारत होता.

"अहो, काही झालेलं नाही त्याला."

"आत्ता नाहीच दिसणार," आत्या म्हणाली. "दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. पट्टा घ्या."

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनाही आधी कुत्रा ठणठणीतच वाटला. जरा झोकांड्या खातोय, एवढंच. आत्या टेबलाशी उभी राहिली आणि वॉर्डातल्या आवाजात सांगू लागली, "कूलंट, निम्मं पाणी मिसळलेलं. जास्तीत जास्त तीनशे मिली. सव्वादहाच्या नंतर." बाईंचा चेहराच बदलला. त्यांनी तपासणं सोडून आधी उताऱ्याचं औषध काढलं. मी कोपऱ्यात उभा होतो. जे मी उडालं म्हणून सोडून दिलं होतं, ते आत्यानं अकरा वर्षांच्या आकड्यांतून हुडकून काढलं होतं. मला तिची चक्क भीती वाटली, देवळात वाटते तशी.

पण औषध लागू पडलं की नाही, हे किडनीच सांगणार होती. फौजदारला सलाइन लावलं, खाली लघवीची पिशवी. रविवार गेला, पिशवीत चमचाभर. सोमवारी थोडी वाढली आणि पुन्हा थांबली. शिंपीकाका पिंजऱ्याशी स्टुलावर बसून होते. दुकान बंद. माझ्याशी ते एक शब्द बोलले नाहीत, आणि मला तेच योग्य वाटत होतं. आत्या दर तासाला उठायची, गुडघा धरून वाकायची, पिशवीवरच्या रेघा बघायची आणि पुन्हा बसायची.

मंगळवारी दुपारी ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"एकशे ऐंशी!" ती ओरडली. माझी आत्या, जिनं आयुष्यात वॉर्डात आवाज चढवला नाही ती, दवाखानाभर ओरडली. "एका तासात एकशे ऐंशी झाली!" पोपट घेऊन बसलेल्या एक बाई दचकून उभ्याच राहिल्या.

काका बावरून म्हणाले, "म्हणजे काय हो ताई?"

"म्हणजे येतोय तो घरी."

काका स्टुलावरून खाली फरशीवर बसले आणि पिंजऱ्याच्या गजांना कपाळ लावून रडू लागले. आतून फौजदारनं त्यांचं नाक चाटलं. थोड्या वेळानं काकांनी मागे न बघता हात लांब केला, माझं मनगट धरलं आणि मला शेजारी बसवून घेतलं. मी डोंगर पाहिलेत, समुद्र पाहिलाय. पण त्या दुपारी भरत चाललेल्या त्या पिवळ्या पिशवीकडे मी जसं हात जोडून बघत राहिलो, तसं आजवर कशाकडेच बघितलं नव्हतं.