शेततळ्यातलं तरस

मी भाकरी थापत होते. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "तळ्यात कायतरी पडलंय. कुत्रं न्हाई. कुत्र्याच्या अंगावर पट्टं नसत्यात."

तवा उतरवला आणि गेले. तरस होतं.

आमचं गाव खर्ड्याच्या बाजूला, माळावर. पाऊस बेताचा, म्हणून बहुतेकांनी शेततळी खोदलीत आणि त्यात प्लास्टिकचा काळा कागद अंथरलाय. कागदामुळे पाणी मुरत नाही. त्याच कागदामुळे आत पडलेलं जनावर वर येत नाही, कारण पाय घसरतात. आदल्या उन्हाळ्यात आमच्याच तळ्यात एक हरीण बुडून मेलं होतं. वनखात्याची गाडी आली, पंचनामा झाला, हरीण गेलं, आणि संध्याकाळी आमच्या मालकांनी, सासूबाईंच्या लेकाने, त्याच पाण्यावर डाळिंबाचं ठिबक चालू केलं. डाळिंबाला पाणी हवंच होतं. पण त्या हंगामात मी एकही डाळिंब खाल्लं नाही. कोणी विचारलं तर दात दुखतो म्हणून सांगायचे.

तरस कडेकडेने पोहत होतं. दोन हात वर चढायचं, घसरून परत पाण्यात जायचं. आवाज अजिबात करत नव्हतं. मालक त्याच्या पायांकडे बघत होते.

"नखानं कागद फाटला तर सगळं पानी जाईल," ते म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं.

तोवर दहा-पंधरा माणसं जमली. शेजारचे एकजण काठी घेऊनच आले होते. "मढी उकरून खानारं जनावर हाय. मरू द्या तिच्यायला," असं त्यांचं मत पडलं.

सासूबाई म्हणाल्या, "मरू द्या की. मग ते पानी तुमी न्या प्यायला."

शेजाऱ्यांनी काठी पाठीमागे धरली.

मी वनरक्षकाला फोन लावला. हरणाच्या वेळेपासून नंबर होताच. तो म्हणाला, "मी जामखेडवरनं निघतो. पन पिंजऱ्याची गाडी नगरवरनं येनार. तीन तास तरी धरा."

"तीन तास पोहेल का ते?"

"ते मी कसं सांगू, ताई?"

फोन ठेवला तेव्हा तरसाचं फक्त नाक आणि कान वर दिसत होते. त्याला पाय टेकायला काहीतरी हवं होतं. शिडी अरुंद पडली असती. अंगणात सासूबाईंची बाज होती, सुंभाने विणलेली.

"आत्या, तुमची बाज घेऊ का?"

"घे की. इचारत काय बसलीस, ते बुडतंय तिकडं."

बाजेच्या दोन खुरांना कासरे बांधले. मालकांनी आधी कागदावर जुनी गोणपाटं टाकली, मग स्वतःच बाज हळूहळू खाली सोडली. अर्धी पाण्यात, अर्धी उतारावर. कासरे कुंपणाच्या खांबाला बांधले. तरस दोनदा लांबून गेलं. तिसऱ्यांदा त्याने पुढचे पाय सुंभात अडकवले आणि अंग वर ओढून घेतलं.

मग ते बाजेवर बसलं. आम्हाला वाटलं, आता पळेल. ते बसूनच राहिलं.

अर्ध्या तासाने वनरक्षक मोटारसायकलवरून आला. त्याने एकदा बाजेकडे आणि एकदा आमच्याकडे बघितलं. "ही कोनाची आयडिया?" मला वाटलं, माझ्यावर केस होते की काय. "बरी हाय," तो म्हणाला. "आता समदे घरी जा. तुमी हितं उभं हाय म्हनून ते वर येईना."

गर्दी नाइलाजाने पांगली. फाटक उघडं टाकून आम्ही घराच्या भिंतीआड उभे राहिलो. बऱ्याच वेळाने काठावर आधी कान आले, मग तोंड, मग सगळं तरस. त्याने अंग झाडलं. पळालं नाही. पुढून उंच, मागून बुटकं, असं चालत फाटकातून निघालं आणि डोंगराच्या अंगाला गेलं. मालक लगेच तळ्याचा कागद तपासायला गेले. कागद शाबूत होता.

वनरक्षकाने पिंजऱ्याची गाडी फोन करून वाटेतूनच परत फिरवली आणि पंचनाम्यात लिहिलं की वन्यप्राणी स्वतःहून निघून गेला. सासूबाईंनी सही केली.

त्या आठवड्यात मालकांनी शेवगावहून टेम्पोचे जुने टायर आणले, दोरीत ओवले आणि तळ्याच्या चारही बाजूंना सोडले. मी म्हटलं नव्हतं. शेजारचे काठीवाले बघायला आले, टायर हलवून बघितले आणि म्हणाले, "लईच खटाटोप दिसतोय ह्यो." वर्ष झालं, त्यांच्या तळ्यात अजून काही नाही. मी दोनदा सांगून आले. "बघू" म्हणतात.

आमच्या टायरांवर अधूनमधून चिखलाचे ठसे दिसतात. कोण येऊन गेलं ते कळत नाही. सासूबाईंच्या मते मांजर असावं.