सपाट रस्त्यावरचे दगड

पदवीच्या शेवटच्या पेपरला माझी बस चुकली, तेव्हा मोर्शीहून संत्री नेणाऱ्या एका ट्रकवाल्या काकांनी मला अमरावतीपर्यंत बसवून घेतलं. वाटेत ते चहाला थांबले. हँडब्रेक ओढला, इंजिन दोन मिनिटं तसंच चालू ठेवून मग बंद केलं. ब्रेकच्या हवेच्या टाकीत साचलेलं पाणी हवेसकट फुस्सकन सोडलं, तळहातावर घेऊन त्यात तेल आहे का ते पाहिलं आणि चाकांना दगड लावले. चहा मात्र दोन घोटांत संपवला. पुढे टाकीत हवा भरेपर्यंत ट्रक हलेना.

परीक्षा केंद्रासमोर पोचलो, तर पहारेकरी फाटक लावत होता. मी घाईनं ट्रकचं दार उघडलं.

"बस चुपचाप. गाडी उभी नाई झाली अजून," काका म्हणाले.

मी बसलो! पुन्हा हँडब्रेक, पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा पाणी, पुन्हा दगड. मग उतरायची परवानगी मिळाली.

पहारेकरी फाटक धरून हे बघत होता. "काका, रस्ता सपाट हाय. दगड काहून लावून राहिले?"

"सपाट हाय हे तुले कोनं सांगतलं? गाडीले इचारलं का?"

पहारेकरी फाटक सोडून खरंच रस्त्याचा उतार बघायला वाकला. मी त्याच्या पाठीमागून आत शिरलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर असा झाला.